'काऊन'वर आलेले हसू : नागपुरातील एका चित्रपटचर्चेचे प्रकरण

यंदाच्या जानेवारीतील एका शनिवारी संध्याकाळी, धंतोलीतील एका लहान सभागृहात, आमच्या गटाने एका नागपूरकर दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट साठ-पासष्ट निमंत्रितांना दाखवला. चित्रपट पूर्ण झाला होता, पण त्याला अद्याप प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही. म्हणून तिकीट नाही, जाहिरात नाही, केवळ ओळखीच्यांना निरोप, असा हा खासगी खेळ होता. खेळानंतर चर्चा ठेवली होती आणि तिचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. चित्रपटातील सर्वांत गंभीर प्रसंगात प्रेक्षक हसले. त्या हसण्याचे काय करायचे हे त्या दिवशी कोणालाच, मला तर मुळीच, सुचले नाही आणि पुढचे साडेतीन महिने आम्ही त्या एका हसण्याच्या मागे लागलो. त्या साडेतीन महिन्यांचा हा वृत्तान्त आहे. त्यात गुंतलेल्या मंडळींच्या इच्छेनुसार त्यांची आणि चित्रपटाची नावे येथे दिलेली नाहीत.

प्रसंग

कथा काटोलकडची आहे. एका शेतकऱ्याच्या दोनशे झाडांच्या संत्र्याच्या बागेला डिंक्या लागतो. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी एवढेच की, बुंध्याच्या सालीतून डिंक पाझरू लागतो, मुळ्या कुजतात, पाने पिवळी पडतात आणि झाड शेंड्याकडून वाळत जाते. नागपुरात शिकणारी मुलगी सुट्टीत घरी येते. रात्री अंगणात खाटेवर बाप बसलेला आहे आणि ती उंबरठ्यावर आहे. किती झाडे उरली, असे ती विचारते. बाप म्हणतो, "सप्पा तोडले माय." मग थोडे थांबून म्हणतो, "काऊन ठेवू?" म्हणजे, सगळी तोडली, कशाला ठेवू?

हा प्रसंग दोन मिनिटांहून थोडा मोठा आहे, एकाच टेकमध्ये घेतलेला आहे आणि कॅमेरा जागचा हलत नाही. बापाचा चेहरा अंधारात आहे. ओसरीवरच्या दिव्याचा उजेड त्याच्या खांद्यापर्यंतच पोचतो. दिग्दर्शकाने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे सगळा चित्रपट या दोन वाक्यांकडे चालत येतो. धंतोलीत नेमके 'काऊन' या शब्दावर हसू फुटले. ते सभागृहभर पसरले नाही, पण पुढच्या मधल्या रांगांतून आले आणि पडद्यावरची मुलगी रडू लागेपर्यंत टिकले, ही गोष्ट अंधारात बसलेल्या प्रत्येकाला ऐकू आली होती.

'काऊन' हा शब्द नागपुरात दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो. भाजीवालीला दर विचारताना, मुलाला उशीर झाला म्हणून, फोनवर, रुग्णालयात, स्मशानातही. त्यावर कोणी हसत नाही. तोच शब्द पडद्यावरून आला की हसू येते, कारण मराठी पडद्यावर आणि रंगमंचावर वऱ्हाडी बोली बहुतेकदा गडी, भोळा पाहुणा किंवा विनोदी शेजारी यांच्याच तोंडी घातली गेली आहे. हे कारण खरे आहे, पण सोयीचेही आहे. पुढे जे घडले त्यात या सोयीचा वाटा बराच मोठा होता.

चर्चा

चर्चेसाठी चाळीस मिनिटे होती. पहिला प्रश्न आला तो बजेटचा. दुसरा, पैसे कुठून उभे केले याचा. तिसरा, घरच्यांनी विरोध केला का, असा. दिग्दर्शकाने बेसा भागातील स्वतःचा प्लॉट विकल्याची हकीकत सांगितली, टाळ्या झाल्या. कॅमेऱ्याचे भाडे थकल्यामुळे दोन दिवस चित्रीकरण थांबले होते ते सांगितले, पुन्हा टाळ्या झाल्या. ती हकीकत तो प्रामाणिकपणे सांगत होता यात शंका नाही, पण ती मी त्याच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकत होतो आणि प्रत्येक वेळी विराम त्याच ठिकाणी येत होते. स्वतःच्या खिशातून चित्रपट करणाऱ्या माणसाजवळ हळूहळू दुसरा एक चित्रपट तयार होत जातो, तो म्हणजे चित्रपट कसा केला याचा. आणि चर्चेला जमलेले लोक बऱ्याचदा हा दुसरा चित्रपट पाहायला आलेले असतात. त्यात नायक समोर बसलेला असतो, शेवट ठाऊक असतो आणि टाळी कोठे वाजवायची हे कळते.

त्या अर्ध्या तासात एकच उत्तर मला टिपून ठेवावेसे वाटले. चित्रपट पुण्या-मुंबईत कधी लागणार, असे एकाने विचारले, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला की, पुण्या-मुंबईचे सोडा, तो नागपुरात कसा लागणार हाच प्रश्न अवघड आहे. चित्रपट व्यवसायातील वितरणाचे जे पारंपरिक विभाग आहेत, त्यांत विदर्भ मुंबई विभागात येत नाही, तो 'सी. पी. बेरार' विभागात, आजच्या छत्तीसगडच्या आणि मध्य प्रदेशच्या काही भागाच्या सोबतीने मोडतो. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, पण वितरकांच्या वहीत नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड अजून जिवंत आहे. मोठ्या हिंदी चित्रपटाला याने काही फरक पडत नाही, कारण तो सगळ्याच विभागांत विकला जातो. लहान मराठी चित्रपटाचा मुंबईतील वितरक मात्र आपल्या विभागापुरता हिशेब करतो आणि वऱ्हाडी बोलणारा चित्रपट वऱ्हाडातच पोचवण्यासाठी वेगळा वितरक शोधावा लागतो. या उत्तरावर टाळ्या वाजल्या नाहीत.

दहा मिनिटे उरली असताना मागून दुसऱ्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने हात वर केला. आमच्या गटात त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "बाप झाडं तोडल्याचं सांगतो, तेव्हा माझ्या पुढचे चार-पाच जण हसले. मलाही हसू आलं. हे तुम्हाला हवं होतं का?"

सभागृहात शांतता पसरली. हसलेल्यांपैकी कोणी वळून पाहिले नाही. दिग्दर्शकाचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. तो म्हणाला, "बाई, आपल्या लोकांना आपल्याच बोलीवर हसायची सवय लागली आहे. त्याला मी काय करू?" बाईंनी शांतपणे विचारले की, मग बाकीच्या दीड तासात, तीच बोली सगळे बोलत असताना, कोणी का हसले नाही.

येथे सूत्रसंचालकाने थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. सभागृहाची वेळ संपत आली होती, चौकीदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता आणि पाहुण्यासमोर अवघड प्रसंग उभा राहिला की तो आवरता घ्यायचा, हा नागपुरी आतिथ्याचा संस्कार माझ्यातही आहे. "वेळेअभावी" हा शब्द वापरून मी आभार मानले. शाल आणि श्रीफळ तयारच होते. त्या संध्याकाळचा एकमेव खरा प्रश्न मी शालीखाली झाकला, असे बाई नंतर मला म्हणाल्या. त्यांनी तो शब्दप्रयोग आधीच ठरवून ठेवला असावा, पण तो चुकीचा नव्हता.

शोध

पुढच्या बुधवारी आम्ही पाच जण, म्हणजे दिग्दर्शक, चित्रपटाची ध्वनिमुद्रक, संकलक, बाई आणि मी, ध्वनिमुद्रकाच्या त्रिमूर्तीनगरातील घरी जमलो. दिग्दर्शक यायला तयार नव्हता. बाईंनी त्याला स्वतः फोन केला आणि "तुमचा चित्रपट आवडला नसता तर मी विचारलंच नसतं" एवढे सांगितले, तेव्हा तो आला. येताना त्याने समोसे आणले होते आणि पहिला अर्धा तास कोणी चित्रपटाचा विषय काढला नाही.

पहिला संशय सभागृहावर गेला. चित्रपटगृहासाठी ध्वनीचे मिश्रण साधारणतः ५.१ पद्धतीने, म्हणजे सहा वेगळ्या वाहिन्यांत, होते आणि त्यात संवाद मुख्यत्वे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. अशी फाइल लॅपटॉपवरून दोनच स्पीकर असलेल्या सभागृहात नीट रूपांतर न करता वाजवली, तर मधली वाहिनी गळून जाते. संगीत आणि पावसाचा आवाज दणदणीत येतो, माणसे मात्र विहिरीतून बोलल्यासारखी वाटतात. लहान सभागृहांत हा घोटाळा नेहमी होतो आणि अर्धवट ऐकू आलेल्या वाक्यावर लोक हसू शकतात. ध्वनिमुद्रकाने हे दोन मिनिटांत निकालात काढले, कारण आमच्यासाठी तिने स्टिरिओ मिश्रणाची वेगळी फाइल दिली होती. संवाद स्वच्छ ऐकू आले होते. तिच्या मते जरा जास्तच स्वच्छ ऐकू आले होते.

मग तिने जे सांगितले ते बाईंना आणि मला ठाऊक नव्हते. चित्रपटातील जवळपास सगळे संवाद चित्रीकरणस्थळीच, सिंक साउंड पद्धतीने, मुद्रित केलेले होते. अपवाद होता तो नेमका या प्रसंगाचा. त्याचे संवाद नंतर मुंबईतील एका स्टुडिओत डब केले गेले होते.

तसे करण्यामागे दोन कारणे होती. एक साधे होते: मूळ टेकमध्ये दोन संवादांच्या मधोमध दूरच्या रस्त्यावरून एक मोटरसायकल जाते. दुसरे कारण गुंतागुंतीचे आहे आणि प्रकरणाचा गाभा तेथे आहे. बापाची भूमिका करणारा नट झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा, वडसा येथील एका नाटक मंडळीत वर्षानुवर्षे काम करणारा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीची बोली काटोलच्या वऱ्हाडीपासून वेगळी आहे. नटाने काटोलचे शब्द पाठ केले होते, तरी हेल झाडीपट्टीचा राहिला. चित्रीकरणानंतर दिग्दर्शकाने काटोलच्या आपल्या मामांना हा प्रसंग दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "हा मानूस आपल्याकडला नाही." दिग्दर्शकाला हे लागले. वऱ्हाडीची थट्टा होते याचा त्याला राग होता. आपल्याच चित्रपटात ती खोटी वाटावी हे त्याला सहन होणारे नव्हते. म्हणून नटाला मुंबईला नेऊन, मामांनी मोबाइलवर बोलून पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम, तो संवाद शब्द शब्द पुन्हा बोलून घेतला.

ध्वनिमुद्रकाने आम्हाला दोन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐकवल्या, चार वेळा.

डब केलेल्या आवृत्तीत उच्चार अचूक होता. प्रत्येक अक्षर काटोलचे होते. पण काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, काही सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा बोलणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष 'काऊन' बरोबर म्हणण्याकडे होते आणि ते ऐकू येत होते. शब्द उचलून समोर ठेवल्यासारखा वाटत होता. विनोदी नट बोलीतला शब्द नेमका असाच ठेवतो: पाहा, मी हा कसा म्हणतो. श्वास नव्हता, आवंढा नव्हता. पाठीमागची रातकिड्यांची किरकिर संग्रहातली होती आणि इतर प्रसंगांतल्या रात्रीशी जुळत नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट संकलकाने ओशाळून सांगितली. बापाचा चेहरा अंधारात असल्याने ओठ दिसत नाहीत, त्यामुळे डबिंगचा संवाद हवा तसा मागेपुढे सरकवता येतो. मूळ टेकमध्ये 'माय' आणि 'काऊन' यांच्यामध्ये सुमारे चार सेकंदांचा विराम होता, तो त्याने दीड सेकंदावर आणला होता, कारण मोटरसायकल काढून टाकल्यावर तेवढी पोकळी रिकामी वाटत होती.

मूळ आवृत्तीत हेल काटोलचा नव्हता, हे मलाही जाणवले. पण विरामानंतर येणारा 'काऊन' हा प्रश्न राहिलाच नव्हता. तो मुलीला विचारलेला नव्हता आणि त्याला उत्तरही नको होते. चौथ्यांदा ऐकताना बाईंनी डोळे मिटले होते. दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे मी बोली सुधारायला गेलो आणि तीच विनोदी केली." कोणी दुजोरा दिला नाही, विरोधही केला नाही.

मला मात्र एवढ्यावर समाधान मानणे पटत नव्हते. सगळा दोष डबिंगवर टाकला की प्रेक्षक सुटतात आणि ते सुटू नयेत असे मला वाटत होते. आमचा वाद त्या रात्री अकरापर्यंत चालला. संकलकाने 'स्थळ'चे उदाहरण दिले. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. त्यात विदर्भातील खेड्यातले लोक विदर्भाचीच भाषा बोलतात आणि भूमिका बहुतांशी तेथल्या नवख्या माणसांनी केल्या आहेत. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. प्रेक्षक आधी हसतात आणि पुढे त्यांचे त्यांनाच ते हसू जड होते. तेथे बोलीवर हसू येत नाही, प्रश्नांवर येते. बाईंनी 'कोर्ट'ची आठवण काढली. चैतन्य ताम्हाणे यांच्या त्या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. ते व्यवसायाने नट नव्हते. २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. बाई म्हणाल्या, "साथीदारांना कोणी नट म्हणून उच्चार शिकवायला बसलं असतं तर काय झालं असतं, ते विचारा." यावर ध्वनिमुद्रकाने रास्त हरकत घेतली की, आपला नट नवखा नाही, तो आयुष्यभर नाटक करत आला आहे, फक्त वेगळ्या मातीत. त्याला नवख्यांच्या रांगेत बसवणे हा त्याचा अपमान आहे. तोवर आमच्या बोलण्यात तो नट एक आवाज म्हणूनच येत होता. तो धंतोलीच्या खेळाला का आला नव्हता, हे देखील मी विचारले नव्हते. उत्तर सोपे होते: दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो, मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर खेळ चालतात आणि जानेवारीत त्याला एक रात्रही मोकळी नव्हती.

काटोल

फेब्रुवारीत, मूळ ध्वनी परत बसवून, मोटरसायकलसह, हा चित्रपट काटोलच्या एका मंगल कार्यालयात बागायतदारांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवला. नागपूरहून काटोल सुमारे ६० किलोमीटर आहे आणि मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या, संत्र्यांची तोडणी चालू असल्याने लोक उशिरा आले. हाही निमंत्रितांचाच खेळ होता.

'काऊन ठेवू' या वाक्यावर तेथे कोणी हसले नाही. हसले ते दुसरीकडे. चित्रपटात एक कृषी अधिकारी आहे. तो बागेत उभा राहून अत्यंत शुद्ध, पुस्तकी मराठीत बुरशीजन्य रोगाच्या व्यवस्थापनाविषयी बोलतो. दिग्दर्शकाने तो प्रसंग सरळ माहितीसाठी ठेवला होता. काटोलकर त्याच्या प्रत्येक वाक्याला हसले आणि मागून कोणीतरी "लिहून घ्या बाप्पा" म्हणाले, तेव्हा कार्यालय दणाणले.

चर्चा तर वेगळीच झाली. पैसे कुठून आणले, हे एकानेही विचारले नाही. कर्ज काढून काही करणे आणि ते बुडणे यात तेथील लोकांना कौतुक वाटण्याजोगे काही नव्हते. एक वयस्क बागायतदार उठले आणि म्हणाले की, चित्रपटात कुऱ्हाड पडते ते झाड निरोगी आहे. पाने हिरवीगार, शेंडा ताजा. डिंक्याचे झाड असे नसते. दिग्दर्शकाने कबूल केले की, चित्रीकरणासाठी कोणी रोगट झाडही तोडू देईना. अखेर एका ओळखीच्याने घर बांधण्यासाठी काढायचे असलेले बांधावरचे झाड दिले, तेच वापरले. मग रोगट झाड पडद्यावर कसे दाखवता आले असते, यावर तासभर बोलणे झाले. कोणी बुंध्याजवळून दाखवायला सांगितले, कोणी म्हणाले, तोडणे दाखवूच नका, दुसऱ्या दिवशीचा ढीग दाखवा. धंतोलीपेक्षा ही चर्चा चित्रपटाच्या कितीतरी जवळ होती, आणि तिच्यात 'चित्रभाषा' हा शब्द एकदाही आला नाही. हेलाचा मुद्दा शेवटी निघाला. "बाप वडश्याकडचा दिसते," असे एक बाई म्हणाल्या आणि लगेच पुढे म्हणाल्या की, त्यांचे जावईही तिकडचेच आहेत. मामा समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

पुन्हा नागपूर

तिसरा खेळ एप्रिलच्या अखेरीस पुन्हा धंतोलीत, त्याच सभागृहात ठेवला. पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांपैकी निम्म्याहून अधिक लोक आले होते, हे नागपूरच्या एप्रिलमध्ये थोडे नव्हे. कूलरचा घरघराट रातकिड्यांवर मात करत असल्याने ध्वनिमुद्रकाने दोन्ही कूलर बंद करायला लावले. पहिल्या दहा मिनिटांत दोघे उठून गेले. बाकीचे पुठ्ठ्याने वारा घेत बसले.

या वेळी चर्चेची मांडणी आम्ही बदलली होती. समोर एकट्या दिग्दर्शकाऐवजी चार खुर्च्या होत्या: दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक, संकलक आणि हंगाम संपल्यामुळे वडश्याहून आलेला नट. पहिली वीस मिनिटे पैशाचा, पुरस्काराचा आणि घरच्या विरोधाचा प्रश्न घ्यायचा नाही, असे मी सुरुवातीलाच सांगितले. काहींना ते उद्धट वाटले आणि एका सद्गृहस्थांनी तसे बोलूनही दाखवले. शाल-श्रीफळ ठेवले नाही. पहिला प्रश्न मीच प्रेक्षकांना विचारला: चित्रपट पाहताना कोणत्या क्षणी तुम्हाला हसू आले आणि कोणत्या क्षणी हसू आवरले?

हा प्रश्न फार हुशारीचा नाही, पण तो सभागृहात नुकत्याच घडलेल्या गोष्टीविषयी होता आणि त्याचे उत्तर प्रत्येकापाशी होते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एका तरुणाने सांगितले की, जानेवारीत तो हसला होता, आज हसला नाही आणि का ते त्याला सांगता येत नाही. त्याच्या शेजारच्या मुलीने सांगितले की, तिला आजही हसू आले; घरी आजोबा असेच बोलतात आणि शाळेत असताना ती मैत्रिणींसमोर त्यांची नक्कल करत असे. हे सांगताना तिचा आवाज बदलला. 'काऊन'वर आजही डावीकडून दोन-तीन जण हसले होते, हे सर्वांनी ऐकले होते. ध्वनी बदलल्याने हसू कमी झाले, संपले नाही. उरलेले हसू कोणाच्या खात्यावर लिहायचे यावर आमच्या गटात अजून मतभेद आहेत. संकलकाचे म्हणणे असे की, अंधारातला चेहरा थोडा दिसला असता तर तेही उरले नसते. मला ते मान्य नाही.

त्यानंतर ध्वनिमुद्रकाने दोन्ही आवृत्त्या सभागृहात ऐकवल्या. चित्रपटाचा ध्वनी हा विषय तेथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यात कधी आला नसावा. पण एकदा फरक ऐकल्यावर प्रश्न थांबेनात. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, कोण धरतो, मोटरसायकल काढता येते का, डबिंग स्वस्त पडते की महाग. तिने एकेक नीट समजावून सांगितले. चित्रपट करणाऱ्या माणसांविषयी आपण एकवचनात बोलतो याची मला तेव्हा लाज वाटली. जानेवारीत ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिची ओळखही मी करून दिली नव्हती.

नटाला बाईंनी विचारले की, लोक हसले हे कळल्यावर त्यांना वाईट वाटले का. त्यांनी माइक हातात घेतला, मग खाली ठेवला. त्यांच्या आवाजाला तो लागत नव्हता. ते म्हणाले, "हासले म्हणजे जागे हायेत. आमच्याकडे रातभर नाटक चालते. झोपलेल्या मान्साची भीती वाटते बाई, हासनाऱ्याची नाही." सभागृह हसले आणि दिग्दर्शकही त्या संध्याकाळी प्रथमच हसला.

शेवटचा प्रश्न एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा होता. मूळ आवृत्तीतील त्या चार सेकंदांच्या विरामाविषयी तो बराच वेळ आणि खरोखर चांगला बोलला. बापाच्या मनात तेवढ्या वेळात काय काय जाते, तो मुलीला सांगण्याचे शब्द कसे शोधतो, ते त्याने मांडले आणि नटाला विचारले की, हा विराम दिग्दर्शकाने सुचवला की त्यांना स्वतःला सुचला. नटाने दिग्दर्शकाकडे पाहिले, मग विद्यार्थ्याकडे.

"गाडी जाऊन राहिली होती ना रस्त्यानं," ते म्हणाले. "आवाज जाऊ देल्याशिवाय पुढचं वाक्य कसं टाकू?"

प्रमाणपत्रासाठी मे महिन्यात जो चित्रपट पाठवला गेला, त्यात हिरव्या झाडावर कुऱ्हाड पडतानाचा शॉट नाही. मोटरसायकल आहे.